कार्बनची निसटती जोडी

वेण्णेच्या काठावर, जावळी तालुक्यातल्या मेढा या गावी आलेल्या संशोधकांचे, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते. जावळी आणि मुंबईचे नाते मेढ्यातल्या घराघराला ठाऊक आहे. माथाडी कामासाठी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिकडे गेली. त्याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन हा उभा त्वरक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था तो मिळून चालवतात. ऋण आयन वरून निघतात, मधल्या १४० लाख व्होल्टच्या टोकाकडे खेचले जातात, तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावतात आणि धन होऊन पुन्हा वेगाने खाली ढकलले जातात. २००७ मध्ये त्याला अतिवाहक रेषीय त्वरकाची जोड मिळाली.

अशाच प्रकारच्या यंत्राने कार्बन-कार्बन टकरीचा हा विषय जन्माला घातला. १९६० मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथे आल्मक्विस्ट, ब्रॉम्ली आणि कुएनर यांनी कार्बनवर कार्बन आदळवला. ऊर्जा थोडी थोडी वाढवली, की अभिक्रियाही सावकाश वाढत जाईल अशी अपेक्षा होती. सुमारे ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास मात्र आलेखात टोकदार शिखरे उभी राहिली. दोन अणुकेंद्रे एकमेकांना ओलांडून जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कित्येक पट जास्त काळ एकत्र राहत होती, जणू अणुकेंद्रांचाच रेणू बनला होता. ऑक्सिजनवर ऑक्सिजन आदळवला तेव्हा अशी शिखरे दिसली नाहीत.

हे कुतूहल प्रयोगशाळेपुरते नाही. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांच्या गाभ्यात कार्बन जळून निऑन आणि सोडियम बनतात. तिथली ऊर्जा साधारण १५ ते २५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे विद्युत अपसारणाच्या भिंतीपेक्षा कितीतरी खाली. तिथे अभिक्रिया इतकी विरळ घडते की मोजणीला दिवसच्या दिवस लागतात. त्या पट्ट्यात एखादे शिखर लपले असेल, तर ताऱ्याच्या आयुष्याचा हिशेब बदलतो. म्हणूनच ऊर्जेची पावले बारीक ठेवून, न कंटाळता मोजणाऱ्यांबद्दल समितीला मोठा आदर वाटतो.

जावळीतल्या मुलामुलींना मुंबई म्हटले की बाजारपेठ आठवते. त्यांच्या मुंबईत कुलाब्याचा तो त्वरकही यावा, एवढ्यासाठी या भेटीचा घाट घातला आहे. पाहुण्यांना समितीची एकच विनंती आहे: विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना मराठीतून आणि सवडीने उत्तरे द्यावीत.