महाराज धावले, आपण धावायचं नाही

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आज गावातली मोकाट कुत्री आणि आपली लेकरं यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेव महाराजांचं गाव. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणाले, ही गोष्ट आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असते. आणि तेच पोर शाळेतून येताना पाराखाली झोपलेल्या कुत्र्याला दगड हाणतं. ती गोष्ट आपल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही लागू आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी वर्गात ही गोष्ट सांगते आणि लगेच बजावते, महाराज धावले, पण आपण कुत्र्यामागं धावायचं नाही. कुत्र्यापुढं तर मुळीच नाही.

पिल्लं पाजणारी कुत्री, खात असलेलं, झोपलेलं किंवा बांधलेलं कुत्रं, यांच्या जवळ जायचं नाही. अंगावर आलंच तर झाड व्हायचं. हात अंगाला चिकटवून, नजर खाली करून, न ओरडता उभं राहायचं. ते हुंगतं आणि बहुतेक वेळा निघून जातं. खाली पडलो तर दगड व्हायचं, म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायचे, मान आणि कान हातांनी झाकायचे. हे तोंडी सांगून येत नाही. अंगणात खेळ घ्या. एकानं कुत्रं व्हायचं, बाकीच्यांनी झाडं. पहिली-दुसरीची लेकरं हसून लोळतात, पण शिकतात.

मला खरी काळजी वाटते ती चावल्यानंतरची. जगात संशयित पिसाळलेलं जनावर ज्यांना चावतं, त्यांतली शंभरातली चाळीस पंधरा वर्षांच्या आतली लेकरं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लेकरू घरी सांगत नाही. दगड मारला म्हणून आई बदडेल याची भीती, नाहीतर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील याची. ती पोटातली इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता लस दंडात देतात. पण आईचा मार बंद झाला का, ते तुम्हीच सांगा. आज रात्री लेकराला जवळ घेऊन एवढंच म्हणा, कुत्रं, मांजर चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी मला सांग, मी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो.

चावलं की आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद आपल्या भागाची लक्ष्मी आहे, वसमतच्या बाजारातले ढीग पाहून डोळे निवतात, पण या जखमेवर हळद नको. तिखट, चुना, तेलही नको. धुवून थेट सरकारी दवाखाना. लस तिथं फुकट असते. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावं लागतं, तेही विचारून घ्या. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या. दुखायचं थांबलं म्हणून तिसरी सुई चुकवायची नाही, मग कापूस वेचणी असो नाहीतर लग्न.

शाळेत हे शिकवून काय होतं, असं कुणी विचारेल. गोव्याकडं पाहा. मिशन रेबीज या संस्थेनं सरकारला बरोबर घेऊन २०१४ पासून तिथल्या कुत्र्यांना लस टोचायला घेतली आणि शाळाशाळांत जाऊन लेकरांना हेच शिकवलं. २०१८ आणि २०१९ या वर्षांत गोव्यात रेबीजनं एकही माणूस गेला नाही. जून २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. नुसत्या शिकवण्यानं ते झालं नसतं, कुत्र्यांना लस हवीच.

ती लस आणि नसबंदी ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, असं २०२३ चे केंद्राचे नियम सांगतात. नसबंदी केलेलं कुत्रं परत त्याच जागी सोडायचं असतं. पोत्यात भरून शेजारच्या गावाच्या शिवारात टाकणं हा उपाय नव्हे, त्यांनीही आपल्याकडं आणून टाकली तर? विष घालणं तर गुन्हाच आहे. शेपटीला फटाके बांधणं हीसुद्धा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं क्रूरताच ठरते. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळणारं पोर दिवाळीत असं करतं, तेव्हा त्याला दोन्हीतलं अंतर दाखवायला आपण जवळ असायला हवं.

शाळेच्या फाटकाशी कुत्री का जमतात, तेही बघा. खिचडीचं खरकटं तिथंच फेकलेलं असतं. ते बादलीत जमवून शाळेपासून लांब, ठरलेल्या जागी टाकलं की गर्दी हलते. उन्हाळ्यात पाण्याची डोणीही तिकडंच ठेवा, भरायचं काम पाचवीच्या मुलांकडं द्या.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्याआधीच्या गटाच्या बैठकीत दोन कामं ठरवा. एकीनं आरोग्य केंद्रात जाऊन लस शिल्लक आहे का, ते विचारायचं. दुसरीनं जनावरांच्या डॉक्टरांना गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर घ्यायचा लेखी अर्ज द्यायचा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही.