टर्बो-मोटारीचा श्वास आणि उच्छ्वास

एंजिनाची शक्ति त्यांत किती हवा शिरते यावर अवलंबून असते. ही हवा बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्याच जोरावर आंत कोंबण्याच्या युक्तीचें पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. धुरानें टर्बाइनचें चाक फिरतें. त्याच आंसावरील दुसरें चाक हवा दाबून आंत लोटतें. म्हणून टर्बाइननंतरची नळी रुंद केली म्हणजे धुराचा अडथळा घटतो व चाक लौकर वेग घेतें. हवेच्या गाळणीचेंहि तसेंच. दाब दुप्पट करणाऱ्या यंत्रांत गाळणीपाशींची तूटहि पुढें दुप्पट होऊन बाधते.

मात्र हौशी श्रोत्यांनीं येथें जपावें. जादा धूर बाजूस सोडणारी झडप अपुरी असेल, तर मोकळ्या नळीमुळें दाब मर्यादेबाहेर चढतो. इंधन त्या मानानें न वाढल्यास एंजिन ठोकूं लागतें आणि प्रसंगीं पिस्टनच्या माथ्यास भोंक पडतें. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायर गाडींत या ठोक्यांवर उपाय म्हणून पाणी व मिथिल अल्कोहोल यांचें मिश्रण आंत सोडीत. पुष्कळ मालक ती टांकी भरावयास विसरत. मग गाडी आपला जादा दाब आपणच आंवरून घेई, आणि मालक तिच्याच मंदपणाची तक्रार करीत.