चमचा कोणता?



मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. उमेदीची वर्षं तोफखान्यात गेली, आता बेंगळुरूत निवृत्तीचे दिवस चालले आहेत. आज बोलणार आहे ते माझ्याच एका चुकीबद्दल.

तीन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसला. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी फिरायला येणाऱ्या एकाने सांगितलं, "कर्नलसाहेब, अर्जुनसाल घ्या. हृदयाला उत्तम." मी चिकपेटेत गेलो. जडीबुटीच्या दुकानाला इथे ग्रंथिगे अंगडी म्हणतात. तिथून चूर्ण आणलं. रोज एक चमचा दुधातून. बरं वाटलं, म्हणून दोन चमचे. डॉक्टरांना सांगितलं नाही. झाडाचंच तर आहे, त्यात काय सांगायचं?

एके सकाळी अंथरुणातून उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. रक्तदाब फार उतरला होता. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "सर, चूर्ण किती घेत होता?"

"दोन चमचे."

"चमचा कोणता? ग्रॅम किती?"

मला उत्तर देता येईना. पडलो ते चूर्णामुळे की गोळ्यांमुळे, हे त्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही, कारण मोजमापच नव्हतं. मंडळी, चार्ज आणि अंतर मोजल्याशिवाय गोळा सोडायचा नाही, हे मी जन्मभर जवानांना शिकवलं. आणि स्वतःच्या हृदयावर मात्र अंदाजपंचे मारा!

मग मी वाचायला लागलो. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचा डॉक्टर होता. अंगावर सूज आलेल्या रोग्यांना डिजिटॅलिसच्या पानांनी उतार पडतो, हे त्याला 1775 मध्ये एका घरगुती काढ्यावरून कळलं. पुढची दहा वर्षं त्याने एकच गोष्ट शोधली: किती? पानं ठरावीक वेळीच तोडायची, वाळवून पूड करायची, थोड्यापासून सुरुवात करायची आणि मळमळ झाली किंवा नाडी मंदावली की थांबायचं. 1785 मध्ये त्याने पुस्तक छापलं. त्यात बरे झालेले रोगी आहेत, तसे फसलेलेही आहेत. त्याच वनस्पतीच्या एका जवळच्या भावंडातून, डिजिटॅलिसच्या दुसऱ्या जातीतून, पुढे डिगॉक्सिन आलं. त्याचा डोस आजही मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात, कारण औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार थोडं आहे.

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर केला आणि नोंदी ठेवून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगाचं लक्ष वेधलं गेलं. 1952 मध्ये त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. पण मोठ्या मात्रेत काही रोग्यांना खिन्नतेने घेरलं. म्हणून मात्रा खाली आली, पाव मिलिग्रॅम आणि त्याहूनही कमी.

आणि माझी अर्जुनसाल? दुधात सिद्ध करून ती द्यावी, असं चक्रदत्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी सांगितलं. 1995 मध्ये छापलेल्या एका छोट्या भारतीय चाचणीत 12 रोग्यांना दर आठ तासांनी 500 मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा फायदा दिसला. पण 2016 मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत दिवसातून दोनदा 750 मिलिग्रॅम, बारा आठवडे देऊनही हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढली नाही. म्हणजे साल टाकाऊ ठरली असं नाही. कोणाला, किती, किती दिवस, हे अजून पुरतं ठरायचं आहे. आणि हे आकडे अर्काचे आहेत, चूर्णाचे नाहीत. ते बघून घरी चमचा भरू नका.

"झाडाचंच आहे" म्हणणाऱ्यांनी आपल्या अंगणातली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आठवावी. तिच्या बिया हृदय बंद पाडतात. साधं ज्येष्ठमधही फार दिवस, फार घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते घातक ठरू शकतं.

तेव्हा एवढंच करा. घेता ते सगळं, चूर्ण, काढा, आसव, कागदावर लिहा. किती आणि केव्हापासून, तेही लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि वैद्यांनाही दाखवा. आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

माझा कागद आता पाकिटात असतो. अर्जुनसाल सध्या बंद आहे. पुन्हा घ्यायची झाली, तर विचारून आणि मोजून.

जय हिंद.