वर्गातील पॉडकास्ट : काही अडचणी



आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमांत आवाज बाहेरून येई आणि वर्ग तो ऐके. विद्यार्थ्यांच्या पॉडकास्टमध्ये ही दिशा उलटते. विषय मुले निवडतात, मुलाखत तीच घेतात आणि तिचे ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवितात. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ साली ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील एका लेखात प्रथम आला. आज साधा मोबाइल फोनही या कामास पुरतो. साधन सोपे म्हणून काम सोपे, अशी समजूत होते ती यामुळेच.

४० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५ मिनिटांचे मुद्रण केले, तर ते एकदा ऐकण्यासच शिक्षकाला ३ तास २० मिनिटे लागतात. वही चाळता येते, आवाज चाळता येत नाही. पाच-पाच जणांचे गट केल्यास हा भार ४० मिनिटांवर येतो. मात्र मग धीट मूल बोलते आणि बुजरे मूल फोन धरून उभे राहते. कामे आळीपाळीने वाटून द्यावीच लागतात.

शांतता मिळणेही दुर्घट. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. कोकणात पत्र्यावरच्या सरींपुढे तो बुडूनच जातो. भिंतीवर गोधड्या टांगल्या आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरला, तर पुष्कळ फरक पडतो.

याहून अवघड प्रश्न भाषेचा आहे. घरी पावरी किंवा कोरकू बोलणारे मूल फोनपुढे येताच पाठ्यपुस्तकातले वाक्य शोधू लागते. मग शिक्षक लिहून देतात, मूल वाचून दाखविते. उच्चार निर्दोष, बोलणे मात्र हरवलेले! आजीची मुलाखत तिच्याच भाषेत राहू द्यावी, निवेदन मराठीत करावे. गुण उच्चारांना नव्हे, विचारलेल्या प्रश्नांना आहेत, हे आधीच सांगावे. एरवी मुलांचे सारे श्रम पार्श्वसंगीतावर खर्ची पडतात.

मुलाचा आवाज ही त्याची ओळख असते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. प्रत्येक मुद्रण महाजालावर टाकलेच पाहिजे असेही नाही. गावच्या विहिरींविषयी मुलांनी वृद्धांशी केलेली बोलणी ग्रामसभेतही ऐकविता येतात. पुढचे प्रश्न ज्यांना विचारायचे, ते तेथे समोरच बसलेले असतात.