किनाऱ्यावरचे बिऱ्हाड
(ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्या ग्रंथालयात वडिलांचे बोट धरून मी प्रथम आलो, त्याच्या शताब्दीला बोलण्याचा मान मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. मी साहित्यिक नव्हे. तीस वर्षे मुंबईत नोकरी केली आणि वसईत राहिलो; त्या राहण्याविषयीच चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची सूचना. आपल्या पांढुर्ण्याला समुद्र नाही, जाम नदी आहे. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावाची कहाणी येथे कशासाठी, असे आपणांस वाटेल. तिचे प्रयोजन शेवटी निवेदन करतो.

१९८९ साली मी वसईला बिऱ्हाड केले. मुंबईत जागा घेणे आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होते. वसई म्हणजे शाळेत वाचलेला चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय. रोज संध्याकाळी किल्ल्याकडे, समुद्रावर फिरावयास जाऊ, असे बेत आम्ही उभयतांनी केले होते. प्रत्यक्षात किल्ला स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर दूर, आणि आम्ही राहत होतो स्टेशनलगत. कारण आमच्या जगण्याचा सारा हिशेब स्टेशनपासून सुरू होई.

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली गाडी धावू लागली, तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर. पण तेथील माणूस अंतर किलोमीटरांत सांगत नाही, मिनिटांत आणि गाडीच्या नावाने सांगतो. तीन जणांच्या बाकावर चौथा अर्धा बसतो. त्या अर्ध्या जागेला ‘चौथी सीट’ म्हणतात आणि तीही मिळाली तर दिवस चांगला गेला असे समजतात. डब्यात भजने होतात, परतीच्या वाटेवर बायका भाजी निवडतात, दसऱ्याच्या सुमारास डबा सजवून त्याची पूजा होते. या सहवासाची थोरवी मी कमी लेखत नाही. माझे वाचनही त्या डब्यातच झाले.

समुद्र मात्र राहून गेला. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडीचा पूल आहे. तेथे गाडी आली की गर्दीतही खारा वारा अंगाला लागतो. वर्षानुवर्षे माझ्या वाट्याला आलेला समुद्र तेवढाच. पहाटे अंधारात निघावे, रात्री अंधारात परतावे. गाव उजेडात पाहावे ते रविवारी, आणि रविवारी झोप काढावी.

दिवसा तेथे दुसरेच गाव नांदत होते. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्या. वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, कोळी असा समाज. कादोडीसारखी जुनी बोली. वाड्यांमध्ये ‘बावखल’ नावाची तळी असत. पावसाचे पाणी त्यांत मुरे आणि विहिरी गोड्या राहत. आमच्यासारख्यांसाठी इमारती उठू लागल्या तेव्हा नळाचे पाणी पुरेनासे झाले आणि टँकर आले. ते पाणी गावांतल्या विहिरींतून उपसले जाई. विहिरी खारट होतील म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी उभारलेली चळवळ आपण वाचली असेल. तेच पुढे २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या काळात आमच्या दारात टँकर आला की मला हायसे वाटे. ते पाणी कोणाच्या विहिरीतले, हे मी कधी विचारले नाही. विचारावयास मी घरी होतोच कधी!

२६ जुलै २००५ चा दिवस आपणांस स्मरत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या थांबल्या आणि मी कचेरीतच अडकलो. घरी आईला दम्याचा झटका आला. वीज नव्हती, दूरध्वनी लागत नव्हता. शेजारच्या वाडीतील एका गृहस्थांनी तिला भर पावसात डॉक्टरांकडे नेले आणि रात्रभर तिच्यापाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा आई म्हणाली, “यांना तू ओळखतोस ना?” सोळा वर्षे त्यांच्या कुंपणावरून मी स्टेशनला जात होतो. त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या विहिरीचे पाणी कदाचित मी प्यालो, त्यांना मी त्या दिवशी प्रथम नाव विचारले. त्या क्षणी जी शरम वाटली, ती आजही गेलेली नाही.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. माणसे वाढली, परंतु दिवसा गावात असणारे आणि रात्री गावात येणारे यांची गाठ कोठे पडावी, हा प्रश्न राहिलाच. माझ्या घराजवळ एक वाचनालय होते. वर्गणी मी नियमित भरली. पण मी परतण्यापूर्वीच ते बंद होई. पुस्तके पत्नीने बदलून आणली. मी तेथील केवळ पावतीवरचा सभासद होतो.

आता प्रयोजन सांगतो. निवृत्तीनंतर मी पांढुर्ण्यास परतलो. येथून नागपूर सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे चर्चगेट-विरारहून कितीतरी अधिक. तरीही ‘अप-डाउन’ करणारी आपली मुले मी स्टेशनवर पाहतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा माझ्या ओळखीचा आहे. १९५६ नंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो. कामकाजाची भाषा हिंदी झाली, घरची मराठी राहिली. ती लिहिती-वाचती ठेवण्याचे काम अशा ग्रंथालयांनी केले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झाला. गाव वाढेल, वाढावेच. परंतु ज्याला गाव केवळ निजण्यापुरते उरते, त्याला शेजारी उरत नाही आणि हळूहळू भाषाही उरत नाही.

म्हणून या शताब्दीनिमित्त माझे एकच मागणे आहे. नागपूरहून संध्याकाळची गाडी आल्यानंतर निदान तासभर तरी या ग्रंथालयाचा दिवा तेवत राहावा. आलेला मुलगा एखादे दिवशी पुस्तक घेणार नाही, वर्तमानपत्र चाळून निघून जाईल. तरी येथे बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला तो नावाने ओळखू लागेल. त्या तासासाठी कोणी बसावयाचे, असा प्रश्न येईल. आठवड्यातले तीन दिवस मी बसेन. उरलेल्या दिवसांसाठी आपणांपैकी कोणी नावे द्यावीत.