जुनी गाथा, नवी धास्ती

ऑक्टोबर २०१२मध्ये डिस्नीने 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली आणि मालिकेचा सातवा भाग जाहीर केला. आनंदाच्या बरोबरीने चाहत्यांच्या पोटात गोळाही आला.

त्याला कारण होतं. १९७७च्या मूळ चित्रपटात हान सोलो हा तस्कर मद्यालयातल्या टेबलाखालून गुपचूप पिस्तूल काढतो आणि समोर बसलेल्या ग्रीडो या शत्रूला सरळ उडवतो. १९९७च्या सुधारित आवृत्तीत मात्र पहिली गोळी ग्रीडो झाडतो. बदल क्षणभराचा, पण हानचा बेरकीपणाच त्यात हरवला, आणि माझ्या मते चाहत्यांचा राग अगदी रास्त होता. पुढे १९९९पासून आलेल्या तीन भागांत संगणकावरची दृश्यं वरचढ झाली आणि माणसं फिकी पडली, असंही अनेकांना वाटलं.

त्यात एप्रिल २०१४मध्ये जुन्या कादंबऱ्यांतल्या घटना नव्या कथेला बांधील नाहीत, असं जाहीर झालं. त्या कादंबऱ्यांतला नायक ल्यूक आणि मारा जेड यांचा संसार वर्षानुवर्षं वाचलेल्यांना ते फार लागलं.

सातव्या भागाचे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी मात्र चित्रीकरण फिल्मवर केलं, खरेखुरे सेट उभारले. एप्रिल २०१५मध्ये चित्रपटातला बीबी-८ हा गोल यंत्रमानव चाहत्यांच्या मेळाव्यात प्रत्यक्ष मंचावर घरंगळत आला, तेव्हा बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला. डिसेंबरात चित्रपट आला, तेव्हा तक्रार उलटीच निघाली: हा तर १९७७च्या गोष्टीच्या फारच जवळ जातो!