गल्लीचा उत्सव आणि रात्रीचे दहा



पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावच्या वाड्यांत गणपतीच्या दिवसांत रात्री साडेनऊ ते साडेदहा मांडवापाशी उभं राहून पाहा. आरती झालेली असते, खिरापत वाटून संपलेली असते. आज्या खुर्च्या सोडतात, पेंगुळलेली मुलं खांद्यावर घेऊन आया जिना चढू लागतात. त्याच वेळी कोपऱ्यावरून दुसरी गर्दी येते: कामावरून उशिरा सुटलेली, जेवूनखाऊन देखावे पाहायला निघालेली तरुण मंडळी. तासाभरात मांडव तोच राहतो, माणसं बदलतात. आज मला या अदलाबदलीविषयी बोलायचं आहे, कारण गल्लीतली कुरबुर माझ्या पाहण्यात इथेच सुरू होते.

दोन्ही गर्दींचा उत्सवावर सारखाच हक्क आहे. रात्री नऊपर्यंत दुकानात उभ्या असलेल्या मुलाला तुमचा सात वाजताचा कार्यक्रम कुठून मिळणार? त्याला हुल्लडबाज म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तो अन्याय आहे. 1892मध्ये पुण्यात भाऊसाहेब रंगारींनी आणि पुढच्या वर्षापासून टिळकांनी गणपती घराबाहेर आणला, तो सर्वांनी एकत्र यावं म्हणूनच.

कुरबुर असते ती आवाजाची, म्हणून आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं वाजवता येत नाहीत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, आणि त्यात नवरात्रासारखे इतर सणही वाटेकरी असतात. म्हणजे गणपतीच्या सगळ्याच रात्री बाराच्या नसतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा आहे 45 डेसिबल. घराघरात चालणाऱ्या गप्पाही सहज त्याच्या वर जातात.

पण तक्रार आकड्याची नसतेच. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. खाली डीजेची भिंत लागली, की मांडणीवरची स्टीलची झाकणं थरथरू लागतात, खिडकीच्या काचा वाजतात. गाण्याचे शब्द तिथे पोचत नाहीत, नुसता ठोका पोचतो. खालच्या पट्टीतला हा आवाज भिंती फारशा अडवत नाहीत, म्हणून खिडक्या लावून उपयोग होत नाही. ज्या घरात तान्हं मूल आहे किंवा आजारी माणूस आहे, ते घर उठून जाणार कुठे? मांडवातला माणूस कंटाळला तर निघून जाऊ शकतो. यांना ती सोय नाही, आणि मला ही माणसं उत्सवातली सर्वांत महत्त्वाची वाटतात. एका टोकाला उंच भिंत रचण्याऐवजी छोटे कर्णे मांडवाच्या आत तोंड करून, थोड्या थोड्या अंतरावर लावले, तर समोरच्याला ऐकू येतं आणि वरच्याला झोप लागते. बेस कमी करायला तर एक बटण पुरतं.

वेगवेगळ्या गर्दींची सोय कशी लावतात, याचं एक उदाहरण पाहा. लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये ऑगस्टअखेर कॅरिबियन लोकांचा मोठा कार्निव्हल रस्त्यावर भरतो. त्याच्या मुळाशी 1966मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी भरवलेली जत्रा आहे. आज तिथे रविवार लहान मुलांचा आणि कुटुंबांचा, तर सोमवार मोठ्यांचा, अशी विभागणी आहे. रस्त्यावरच्या ध्वनियंत्रणाही संध्याकाळीच बंद करतात. विभागणी शहाणपणाची आहे, पण ती जशीच्या तशी उचलावी असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दोन दिवस, आपल्याकडे दहा. शिवाय आजी आणि नातू वेगवेगळ्या दिवशी आले, तर गल्लीचा गणपती कसला?

मला हवी आहे ती सरमिसळ. दहानंतरचा वेळ मंडळं मोकळा सोडतात आणि मग तो सर्वांत मोठा आवाज असलेल्याच्या हातात जातो. तो वेळ आधीच कुणाला तरी नेमून द्या. मुलांचा बक्षीस समारंभ सातला उरकण्यापेक्षा नवाला ठेवा, म्हणजे उशिरा आलेले काका-दादाही टाळ्या वाजवायला असतील. दहानंतर कॅरमचे सामने लावा. देखाव्याचे दिवे चालू ठेवा, निवेदन बंद करा. चार-पाच ज्येष्ठांना अकरापर्यंत बसायची विनंती करा. त्यांच्यादेखत पोरांचं वागणं बदलतं, हे सांगायला पोलीस लागत नाही. बायकांसाठी जवळचं स्वच्छतागृह उघडं आणि उजेडात असू द्या. ते नसेल तर त्या नवालाच निघून जातात, आणि मग मंडळ म्हणतं, कुटुंबं थांबतच नाहीत.

आता वर्गणीविषयी. पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते प्रत्येक दारात जातात. वर्षातून एकदाच मंडळ अख्ख्या गल्लीशी समोरासमोर बोलतं, आणि ते पैशापुरतंच. त्याच वेळी विचारा: घरात तान्हं आहे का, कुणी आजारी आहे का, कुणाची परीक्षा आहे का? पावतीच्या मागे छापा, कोणत्या रात्री दहाला बंद, कोणत्या रात्री बाराला. आणि खाली एका कार्यकर्त्याचा फोन नंबर द्या, जो रात्री पावणेबारालाही उचलला जाईल.